एम.एस्सी. जेनेटिक्स करून लॅबमध्ये जायचंय? मग ही दोन वर्षं अशी वापरा

आमच्या लॅबमध्ये मुलाखतीला येणाऱ्या मुलामुलींना मी एक प्रश्न हमखास विचारते. "पीसीआर लावला, सगळ्या सॅम्पलना सुरेख बँड आले, पण एनटीसीतही एक फिकट बँड दिसतोय. काय कराल?" पीसीआर म्हणजे डीएनएच्या एका तुकड्याच्या असंख्य प्रती करणं; त्या जेलवर पट्टी, म्हणजे बँड, होऊन दिसतात. एनटीसी म्हणजे डीएनएऐवजी नुसतं पाणी घालून लावलेली ट्यूब, तिथं काहीही दिसता कामा नये. बहुतेक जण म्हणतात, "रिपीट करीन, मॅडम." उत्तर बरोबर आहे, पण अर्धंच. मागे एका मुलीने उलट मलाच विचारलं, "यातले रिपोर्ट गेलेत का? गेले नसतील तर आधी थांबवते." तिला घेतलं. तिचे मार्क बाकीच्यांपेक्षा कमी होते.

पिपेट धरणं, जेल ओतणं, मशीन लावणं ही कामं डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा, झालेला चलाख मुलगा दोन महिन्यांत शिकतो, आणि बऱ्याचदा त्याचा हात आपल्यापेक्षा साफ असतो. मग दोन वर्षं जेनेटिक्स शिकलेल्या माणसाला लॅबने का घ्यावं? समोर आलेल्या उत्तरावर नेमका कुठे संशय घ्यायचा हे त्याला कळतं म्हणून. ते आपोआप येत नाही, सेमिस्टरगणिक कमवावं लागतं. कसं, ते क्रमाने सांगते.

पायरी १: कुठल्या लॅबमध्ये जायचंय ते आधी ठरवा

'लॅब' या एका शब्दाखाली चार-पाच वेगळे व्यवसाय दडलेत. रुग्णाच्या रक्तावर चाचण्या करणारी डायग्नोस्टिक लॅब, संशोधन संस्था, डीएनएतल्या खुणांवरून वाण तपासणारी बियाणं कंपनीची मार्कर लॅब, गुन्ह्याच्या तपासातली डीएनए लॅब, आणि आयव्हीएफच्या जोडीने आलेली भ्रूणतपासणी. महाराष्ट्रात यातलं सगळं आहे. परळला केईएमच्या आवारात आयसीएमआरची रक्तविकारांवरची संस्था आहे, खारघरला कर्करोग संशोधनाचं ॲक्ट्रेक, पुण्यात पेशीविज्ञानाचं एनसीसीएस, आयसर आणि आघारकर संस्था, कलिन्याला न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा, जालन्याला बियाणं कंपन्या. राहुरी, अकोला, परभणी, दापोली या कृषी विद्यापीठांत जेनेटिक्स वनस्पतींच्या अंगाने शिकवतात. तिथून आलेल्या मुलाला माणसाच्या कॅरिओटाइपबद्दल, म्हणजे गुणसूत्रांच्या मांडणीबद्दल, फारसं माहीत नसतं, आणि डायग्नोस्टिकवाल्याला बियाण्याची जनुकीय शुद्धता कशी तपासतात हे ठाऊक नसतं. दोघांच्या पदवीवर शब्द मात्र जवळपास तेच.

नुसत्या 'जेनेटिक्स' नावाची पदवी आपल्याकडे मोजक्याच ठिकाणी मिळते. हैदराबादला उस्मानिया आणि दिल्ली विद्यापीठाचा साउथ कॅम्पस इथे स्वतंत्र विभाग आहेत. आपल्याकडची बरीच मुलं बायोटेक्नॉलॉजी, झूलॉजी किंवा लाइफ सायन्समधून जेनेटिक्सकडे वळतात, आणि लॅबला त्याचं काही वाटत नाही. डीबीटीच्या, म्हणजे केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या, मदतीने चालणाऱ्या अभ्यासक्रमांसाठी गॅट-बी, केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी-पीजी अशा परीक्षा असतात. प्रवेश घेताना मी एकच गोष्ट बघायला सांगीन: विभागात जाऊन शेवटच्या वर्षाची मुलं कुठे बसतात ते बघा. बाकावर टिपांचे डबे, फ्रीजवर नावांच्या चिठ्ठ्या, कुणीतरी जेल चालू ठेवून चहाला गेलंय, असं दिसलं तर विभाग जिवंत आहे. सगळी उपकरणं कव्हर घालून झाकलेली दिसली तर विचार करा.

पायरी २: पहिलं सेमिस्टर हातासाठी आणि आकडेमोडीसाठी

प्रॅक्टिकलला दहाजणांत एक पिपेट असते आणि ती कायम एकाच हुशार मुलीच्या हातात जाते. ती तुम्ही नसाल तर लॅब असिस्टंट मामांना विचारून दुपारी अर्धा तास मिळवा. साधी कसोटी अशी: पाण्याचा १ मिलिलिटर म्हणजे जवळपास १ ग्रॅम. तेव्हा १०० मायक्रोलिटर पाणी दहा वेळा तराजूवर सोडा; दर वेळी ०.१ ग्रॅम वाढलं पाहिजे. पहिल्या दिवशी आकडे उड्या मारतात. अंगठा दुसऱ्या थांब्यापर्यंत दाबून पाणी ओढणं, टिप तिरकी धरणं, घाईत अंगठा सोडणं, या तिन्ही सवयी त्या दहा आकड्यांत उघड्या पडतात.

आकडेमोडीचं म्हणाल तर मुलाखतीत निम्मी मुलं इथेच गळतात. प्रायमर, म्हणजे पीसीआरची सुरुवात करून देणारा डीएनएचा छोटा तुकडा, कोरडी पावडर होऊन येतो, ट्यूबवर लिहिलेलं असतं २३.४ नॅनोमोल. १०० मायक्रोमोलरचा साठा करायचा तर किती पाणी? आकड्याला दहाने गुणा: २३४ मायक्रोलिटर. त्यातून वापरायला १० मायक्रोमोलरचा १०० मायक्रोलिटर हवा: १० साठ्यातला, ९० पाणी. हे कागदाशिवाय आलं पाहिजे. तसंच २६० नॅनोमीटरवर शोषण १ आलं तर दुपदरी डीएनए मिलिलिटरला ५० मायक्रोग्रॅम. २६० भागिले २८० चं गुणोत्तर १.८ च्या आसपास असलं तर डीएनए साधारण शुद्ध, बरंच खाली गेलं तर प्रथिन किंवा फिनॉल राहिलंय. प्रती वाढत असतानाच मोजणाऱ्या रिअल-टाइम पीसीआरमध्ये दर फेरीला दुप्पट, म्हणजे दहापट फरकाला सुमारे ३.३ फेऱ्या. दहापट विरळ केलेल्या दोन सॅम्पलमध्ये फेऱ्यांचा फरक १.५ आला तर यंत्र बिघडलंय असं म्हणण्याआधी स्वतःच्या पिपेटकडे बघा.

पायरी ३: एक चाचणी मुळापासून पक्की करा

वीस तंत्रं ओझरती बघण्यापेक्षा एक चाचणी आतून-बाहेरून माहीत असणं मोलाचं. आपल्याकडच्या विद्यार्थ्याला मी सिकल सेल सुचवते. विदर्भात, नंदुरबारकडे, गडचिरोलीत हा आजार घरोघरी माहीत आहे, चंद्रपूरला आयसीएमआरचं त्यावरचं केंद्र आहे, आणि १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय सिकल सेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. शिवाय अख्खं जेनेटिक्स या एका अक्षरात मावतं: हिमोग्लोबिनच्या बीटा ग्लोबिन जनुकाच्या सहाव्या कोडॉनमध्ये, म्हणजे तीन अक्षरी शब्दात, जीएजीचं जीटीजी होतं, ग्लुटामिक ॲसिडच्या जागी व्हॅलिन येतं, आणि ऑक्सिजन कमी झाला की लाल पेशी विळ्यासारखी वाकते.

आता लॅबमध्ये हे कसं पकडतात ते बघा. डीडीई-वन नावाचं कात्रीसारखं एंझाइम सीटीएनएजी हा क्रम ओळखून कापतं. यातला 'एन' म्हणजे कुठलंही अक्षर. निरोगी जनुकात त्या जागी सीटीजीएजी आहे, म्हणून ते कापलं जातं. सिकलच्या जनुकात तिथे सीटीजीटीजी झालंय, कात्रीला खूणच सापडत नाही. पीसीआरने तो तुकडा वाढवायचा, एंझाइम घालायचं, जेलवर चालवायचा. निरोगी माणसाचा बँड तुटलेला, रुग्णाचा अखंड, वाहकाच्या लेनमध्ये दोन्ही.

इथपर्यंत पुस्तकात असतं. आता स्वतःला विचारा: एंझाइम मेलेलं असेल तर? कुणीतरी ते तासभर बाहेर विसरलं, बफर चुकीचं घातलं. मग कुणाचाच तुकडा तुटणार नाही, आणि जेलवर सगळं गाव सिकलचं रुग्ण दिसेल. एंझाइम अर्धवट चाललं तर निरोगी माणूस वाहक दिसेल. जेल मात्र दोन्ही वेळा देखणंच असतं. म्हणून प्रत्येक रनमध्ये आधीपासून ठाऊक असलेला एक निरोगी, एक वाहक आणि एक रुग्ण असे तीन डीएनए लावायचेच, आणि निरोगी कंट्रोल पूर्ण तुटला नसेल तर बाकीच्या लेनकडे बघायचंही नाही. तीन लेन वाया जातात म्हणून कुरकुरणारे विद्यार्थी मी पाहिलेत. त्या तीन लेन नसतील तर बाकीच्या बारा लेनना काही अर्थ नाही.

याच चाचणीला जोडून एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी तपासणी, वाचायला शिका, आणि रुग्णाला अलीकडे रक्त चढवलं होतं का हे विचारायची सवय लावून घ्या. दात्याचं हिमोग्लोबिन मिसळलं की एचपीएलसीचा आलेख सरळ दिशाभूल करतो.

पायरी ४: गुणसूत्रांची स्लाइड, आणि पुण्यातला मे महिना

माणसाची गुणसूत्रं ४६ आहेत हे जिओ आणि लेव्हान यांनी १९५६ मध्ये छापलं. त्याआधी तीसेक वर्षं जग ४८ मानत होतं. याचं एक मोठं कारण म्हणजे गुणसूत्रं एकमेकांवर पडलेली असत, मोजताच येत नसत. ती फाकवायला पेशी क्षीण द्रावणात फुगवणं हा जो उपाय तेव्हा सापडला, तोच आजही सायटोजेनेटिक्सच्या, म्हणजे गुणसूत्रं तपासणाऱ्या, प्रत्येक लॅबमध्ये रोज होतो.

रक्त हिरव्या टोपणाच्या ट्यूबमध्ये, म्हणजे सोडियम हेपॅरिनमध्ये यावं लागतं. डीएनएच्या कामाला जांभळं टोपण, ईडीटीए. उलट झालं तर ईडीटीएमध्ये पेशी नीट वाढत नाहीत आणि हेपॅरिन पीसीआरला अडवतं. सॅम्पल घेणाऱ्या काउंटरवरच्या ताईंशी ओळख ठेवा, हे प्रश्न फोनवर सुटतात. मग पेशींचं खाद्य म्हणून आरपीएमआय आणि सीरम, विभाजन सुरू व्हायला पीएचए घालून ३७ अंशांवर ७२ तास कल्चर. सोमवारी लावलं की गुरुवारी काढायचं. गुरुवारी लावलेलं सॅम्पल रविवारी काढायला येतं, आणि नव्या माणसाची ड्यूटी रविवारीच का लागते याचं उत्तर त्यात आहे. शेवटी कोल्सेमिड घालून विभाजन थांबवायचं, ०.०७५ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये पेशी फुगवायच्या, मिथेनॉल आणि ॲसेटिक ॲसिड ३:१ मध्ये फिक्स करायच्या, आणि स्लाइडवर थेंब सोडायचा.

हा थेंबच सगळ्यात अवघड. थेंब वाळायला लागतो तेव्हा त्याच्या कडेने पातळ इंद्रधनुषी वर्तुळं सरकतात, आणि त्याच काही सेकंदांत गुणसूत्रं पसरतात. हवा कोरडी असली की थेंब भरकन वाळतो आणि गुणसूत्रं मुठीसारखी आवळलेली राहतात. मे महिन्यात पुण्यात आमच्याकडे हेच होतं. मग स्लाइड कोमट पाण्याच्या वाफेवर क्षणभर धरायची, किंवा सरळ तोंडाची 'हा' करून वाफ द्यायची. जुलैत उलट: पसरतात, इतकी पसरतात की शेजारच्या पेशीची गुणसूत्रं येऊन मिसळतात, आणि नवशिका ४७ मोजतो. तेव्हा एका पेशीत ४७ दिसली म्हणून उडी मारायची नाही. साधारण वीस पेशी बघायच्या, जादाचं गुणसूत्र दर वेळी तेच आहे का ते तपासायचं. वीसही पेशींत २१ क्रमांकाचंच जादा असेल तर '४७,एक्सवाय,+२१' लिहायचं, म्हणजे डाउन सिंड्रोम. एका पेशीत ८ जादा, दुसरीत १५ कमी, असं विस्कळीत दिसलं तर दोष बहुधा तुमच्या थेंबाचा.

विभागात सायटोजेनेटिक्स शिकवत नसतील तर सुट्टीत महिनाभर एखाद्या लॅबमध्ये बसा. आपल्या विद्यापीठांत नव्या आराखड्यानुसार पहिल्या वर्षी ऑन-जॉब ट्रेनिंग असतं. ते बहुतेक जण सहीपुरतं उरकतात, आणि तिथेच चूक करतात.

पायरी ५: डिझर्टेशन

विषय भारी असण्यापेक्षा पूर्ण होणारा असावा. 'कर्करोगातील नवे बायोमार्कर' असं नाव देऊन सहा महिन्यांत रसायनं यायचीच वाट बघत बसलेली मुलं दरवर्षी दिसतात. पन्नास सॅम्पल, एक जनुक, एक पद्धत, आणि ती पद्धत दुसऱ्या एखाद्या पद्धतीने पडताळलेली, एवढं पुरतं.

आणि काहीतरी फसू द्या. माझ्या डिझर्टेशनमध्ये तीन आठवडे एनटीसीत बँड येत होता. पाणी बदललं, प्रायमर नवा उघडला, मास्टर मिक्स बदललं, गाइडशी वाद घातला. दोषी निघाली बाकावरची २० मायक्रोलिटरची पिपेट. मी तिनेच पीसीआर लावायची आणि तिनेच जेलमध्ये वाढवलेला डीएनए भरायची. पीसीआर झालेल्या एका ट्यूबमध्ये त्या तुकड्याच्या अब्जावधी प्रती असतात. त्यांचा अदृश्य तुषार पिपेटच्या दांड्यात बसला होता. त्यानंतर वाढवण्याआधीची खोली आणि नंतरची खोली वेगळी का, दोन्हीकडचे कोट आणि पिपेटी वेगळ्या का, नंतरच्या खोलीतून आधीच्या खोलीत परत का जायचं नाही, हे मला कुणी पुन्हा समजवावं लागलं नाही. नोकरीच्या मुलाखतीत माझ्या निकालांपेक्षा या तीन आठवड्यांवरच जास्त बोलणं झालं. तुमचीही अशी गोष्ट असेल तर ती लपवू नका. काय-काय तपासलं आणि कुठल्या क्रमाने, ते सांगा.

पायरी ६: वही

पेन्सिल नाही, खाडाखोड नाही, पांढरी शाई तर नाहीच. चुकलं की एक आडवी रेघ, शेजारी सही आणि तारीख. प्रत्येक किटचा लॉट नंबर आणि एक्स्पायरी. कॉलेजात हे जाचक वाटतं. डायग्नोस्टिक लॅबला एनएबीएलची, म्हणजे लॅबचा दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, मान्यता हवी असते, ती आयएसओ १५१८९ या मानकावर तपासली जाते, आणि ऑडिटला आलेला माणूस चार महिन्यांपूर्वीचा एक रिपोर्ट उचलून विचारतो: हे सॅम्पल कुणी उघडलं, कुठल्या लॉटने केलं, त्या दिवशी फ्रीजचं तापमान किती होतं? उत्तर कागदावर नसेल तर काम झालंच नाही असं धरतात. एम.एस्सी.पासून अशी वही ठेवलेली असेल तर ती मुलाखतीला घेऊन या. मी तरी उघडून बघते.

पायरी ७: संगणकाला घाबरू नका, भुलूही नका

आता लॅबचा बराच दिवस पडद्यासमोर जातो. प्रोग्रामर व्हायची गरज नाही. सिक्वेन्सिंगमधून येणाऱ्या फास्टक्यू, बॅम आणि व्हीसीएफ या तीन फायलींत काय असतं, लिनक्सच्या काळ्या पडद्यावर फाइल उघडायची कशी, आणि आयजीव्ही या प्रोग्रॅममध्ये डीएनएतला एखादा बदल डोळ्यांनी कसा तपासायचा, एवढं दुसऱ्या वर्षात जमवा. मग बदलाचं वर्गीकरण. २०१५ मध्ये अमेरिकेच्या एसीएमजी या वैद्यकीय जेनेटिक्सच्या संघटनेने घालून दिलेल्या पाच पायऱ्या जगभर वापरतात: रोगकारक, बहुधा रोगकारक, अर्थ अनिश्चित, बहुधा निरुपद्रवी, निरुपद्रवी. मधल्या पायरीवर नवी माणसं अस्वस्थ होतात, काहीतरी ठाम लिहावंसं वाटतं. आपल्या लोकांत एखादा बदल किती सर्रास आढळतो हे युरोपीय माहितीसाठ्यांतून पुरतं कळत नाही; तिकडे दुर्मीळ म्हणून इकडे रोगकारक, असं होत नाही. दहा हजार भारतीयांचे जीनोम वाचलेल्या जीनोमइंडियासारख्या प्रकल्पांचा उपयोग इथे होतो. तोवर 'अनिश्चित' असेल तर 'अनिश्चित'च लिहायचं, समोरचे डॉक्टर कितीही वैतागले तरी.

पायरी ८: कायदा

गर्भलिंग तपासणीवर देशात सर्वांत आधी, १९८८ मध्ये, कायदा केला तो महाराष्ट्राने. केंद्राचा पीसीपीएनडीटी १९९४ चा. जेनेटिक लॅबला त्याखाली नोंदणी लागते. गर्भजलाच्या कॅरिओटाइपमध्ये एक्स आणि वाय तुमच्या डोळ्यांसमोर असतात, आणि रिपोर्टमध्ये, फोनवर, ओळखीच्या वहिनींना, कुणालाही लिंग सांगायचं नसतं. गमतीतही नाही. मुलाखतीत हा प्रश्न येतो आणि तिथे अडखळलात तर पुढचं कुणी विचारत नाही.

पायरी ९: अर्ज, मुलाखत, पहिले तीन महिने

सीव्हीत 'पीसीआर, वेस्टर्न ब्लॉट, एलायझा, क्रिस्पर' अशी रांग लावू नका. 'सिकल सेलची एंझाइम-कापणी पद्धत, ६० सॅम्पल, स्वतः केलं' असं लिहा. फक्त पाहिलेलं असेल तर 'पाहिलं आहे' लिहा. विचारल्यावर चेहरा पडण्यापेक्षा ते बरं. संशोधनाकडे जायचं असेल तर सीएसआयआर-नेट, डीबीटीची बेट अशा परीक्षांची तयारी दुसऱ्या वर्षापासून हवी. नोकरी करता करता अभ्यास करीन म्हणणाऱ्यांतले थोडेच करतात, कारण सहा वाजता सुटणारी लॅब मी अजून पाहिलेली नाही.

सुरुवातीचा पगार बेताचा असतो, तो स्पष्ट विचारा. बाँड आहे का, किती महिन्यांचा, मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेतात का, हेही विचारा. मूळ प्रमाणपत्रं मागितली तर नम्रपणे झेरॉक्स पुढे करा. रिपोर्टवर सही कोणाची असते आणि तुमचं नाव त्यावर येणार का, हे सही करण्याआधीच कळलेलं बरं; पुढे वरच्या पदाला जाताना यावरून बरीच मनं दुखावतात.

रुजू झाल्यावर पहिले काही आठवडे तुम्हाला रुग्णाचं सॅम्पल कुणी देणार नाही. एसओपी, म्हणजे प्रत्येक कामाची लेखी पद्धत, वाचायला देतील, जुन्या स्लाइड मोजायला लावतील, उत्तर झाकून ठेवलेली सॅम्पल देऊन तुमचं उत्तर जुन्या रिपोर्टशी ताडून बघतील. कंटाळा येतो. या काळात लॅबमधल्या जुन्या टेक्निशियनच्या शेजारी बसा. कुठलं सेंट्रिफ्यूज डावीकडे थरथरतं, कुठल्या डीप फ्रीजरचं दार जोरात लोटावं लागतं, कुठल्या हॉस्पिटलकडून रक्त नेहमी गोठून येतं, हे कुठल्याच एसओपीत नसतं. आणि ट्यूब हातात घेतली की नाव, नोंदणी क्रमांक आणि फॉर्म, तिन्ही दर वेळी जुळवा. आडनाव जाधव असेल तर दोनदा जुळवा. आमच्याकडे एका सकाळी तीन जाधव आले होते, त्यातल्या दोघींचं पहिलं नावही एकच होतं.